एका संख्येंत बत्तीस खुणा

हल्लीं पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असते, कीं जी दिवसाचे आठ-दहा तास संगणकापुढें बसून 'कणांचें सिम्युलेशन' नांवाचें कांहीं काम करते, आणि तें काम नेमकें काय हें घरांतील वडील माणसांस कधींच कळत नाहीं. विचारावें तर 'तें तुम्हांला नाहीं समजायचें' असें उत्तर मिळतें, आणि वडील माणसेंही तें फार लवकर मान्य करून मोकळीं होतात. आमचें मत निराळें आहे. या विद्येंतील बारीक गणित आम्हां जुन्या माणसांच्या आटोक्याबाहेरचें असेल. परंतु तिच्यांतील कांहीं युक्त्या इतक्या सरळ आहेत, कीं ज्यानें शाळेंत वृत्तांचे गण पाठ केले आहेत किंवा वडिलांच्या तोंडून आणे-पावल्यांचा हिशेब ऐकला आहे, त्यास त्या सहज समजाव्या. त्यांपैकीं एका युक्तीची ओळख आज करून देण्याचें आम्ही योजिलें आहे. एखादा कण कोणकोणत्या गटांचा सभासद आहे, हें सर्व एकाच लहानशा संख्येंत लिहून ठेवण्याची ही युक्ती होय.

प्रथम, हे कण कोणते व त्यांचे गट कशास पाडावयाचे, तें सांगितलें पाहिजे. धातु कसा तुटतो, द्रव कसा वाहतो, हें जाणण्यासाठीं त्या पदार्थाचे अणु संगणकांत मांडतात. प्रत्येक अणूची जागा आणि गति लिहून ठेवतात; शेजारचे अणु त्याला किती ओढतात वा ढकलतात तें काढतात; आणि काळाचें एक अत्यंत लहान पाऊल पुढें टाकून नवी जागा व नवी गति काढतात. हेंच लाखों वेळां करावयाचें. अमेरिकेंत आल्डर आणि वेनराइट या दोघांनीं १९५७ सालीं कठीण गोल कणांवर हा प्रयोग करून दाखविला. पुढें १९६४ सालीं मूळचे हैदराबादचे असलेले अनीसुर रहमान यांनीं आर्गॉन या निद्रिस्त वायूच्या द्रवरूपांतील ८६४ अणूंचा हिशेब आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेंत संगणकावर केला. प्रयोगशाळेचें नांव आणि वायूचें नांव मराठींत सारखें उच्चारलें जातें, हा केवळ योगायोग. आज या कामासाठीं ज्या प्रणाली वापरतात, त्यांत 'लॅम्प्स' ही फार प्रसिद्ध आहे. नव्वदाच्या दशकाच्या मध्यास सँडिया व लॉरेन्स लिव्हरमोर या दोन अमेरिकन राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि तीन कंपन्या यांच्या सहकार्यांतून ती निर्माण झाली. स्टीव्ह प्लिम्टन हे तिचे प्रमुख कर्ते. २००४ सालीं तिचें नवें रूप सर्वांस मोफत व खुलें करण्यांत आलें. पुढील सर्व विवेचन याच प्रणालीस धरून आहे.

लॅम्प्सबरोबर शिकणारांसाठीं जे नमुने मिळतात, त्यांत एक भेगेचा नमुना आहे. अणूंचा एक सपाट पत्रा घेतला आहे. त्याची खालची कड स्थिर ठेवावयाची, वरची कड ठराविक गतीनें वर ओढावयाची, मधला भाग मोकळा सोडावयाचा, आणि डाव्या बाजूस पत्र्याच्या मध्यावर अगोदरच एक चीर आहे असें मानून ती पुढें कशी धांवते तें पाहावयाचें. आतां हें करावयाचें तर संगणकास 'याला धरा, त्याला ओढा, इतरांस सोडा' अशी आज्ञा द्यावी लागते. आणि 'हा' कोण व 'तो' कोण हें त्यास कळण्यासाठीं अणूंचे गट पाडावे लागतात. या नमुन्यांत 'सर्व' हा जन्मजात गट धरून सात गट आहेत: सर्व, खालची कड, वरची कड, दोन्ही कडा मिळून, मोकळे, डावे-वरचे आणि डावे-खालचे.

आमच्यासारख्या शाळामास्तरास सुचणारी पहिली रीत म्हणजे हजेरीपट. प्रत्येक गटाची एक वही करावी व तींत सभासदांचीं नांवें लिहावीं. वर्गांत चाळीस मुलें असतां ही रीत उत्तम. परंतु अणु कोटीभर असले, आणि काळाच्या प्रत्येक पावलागणिक प्रत्येक अणूविषयीं 'हा या गटांत आहे काय?' असें विचारावें लागलें, तर वही चाळण्यांतच सगळा वेळ जाईल. म्हणून दुसरी रीत काढली: वही गटापाशीं न ठेवतां खूणच अणूच्या अंगावर लावावी. आणि सर्व खुणा मिळून एकच संख्या असावी.

एका संख्येंत अनेक खुणा कशा मावतात, हें समजण्यासाठीं जुन्या नाण्यांकडे वळूं. १९५७ सालीं दशमान नाणीं येण्यापूर्वीं आपल्याकडे आणा, चवली, पावली, अधेली आणि रुपया अशीं नाणीं होतीं. त्यांचीं मोलें आण्यांत अनुक्रमें १, २, ४, ८ व १६. प्रत्येक नाणें मागच्याच्या दुप्पट. छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर व शेर या वजनांतही हाच क्रम होता. आतां अशी कल्पना करा, कीं एका थैलींत प्रत्येक जातीचें फार तर एकच नाणें आहे, आणि आम्ही आपणांस एवढेंच सांगितलें कीं थैलींत तेरा आणे आहेत. थैली न उघडतां आपण सांगूं शकाल, कीं आंत अधेली आहे, पावली आहे, आणा आहे; चवली नाहीं व रुपयाही नाहीं. तेरा आणे भरण्याची दुसरी रीतच नाहीं. एकच बेरीज, पण तिच्यांतून पांच प्रश्नांचीं 'आहे-नाहीं' अशीं पांच उत्तरें निघालीं. दुप्पट-दुप्पट मोलांचा हा गुण आहे. १, २, ३, ४ अशीं मोलें असतीं तर तीन आणे म्हणजे एक नाणें कीं दोन, हें कळलें नसतें.

हीच थैली लॅम्प्स प्रत्येक अणूच्या गळ्यांत बांधते. इंग्रजी जाणणारे तिला 'मास्क' म्हणतात. आम्ही 'मुद्रा' म्हणूं. वरील सात गटांस क्रमानें १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ हीं मोलें मिळतात. उजवीकडच्या वरच्या कडेंतील अणूची मुद्रा पाहा: सर्व १, वरची कड ४, दोन्ही कडा ८, एकूण १३. पत्र्याच्या मध्यभागीं उजवीकडे असलेला मोकळा अणु: १ आणि १६ मिळून १७. डाव्या कोपऱ्यांतील वरच्या कडेचा अणु: १, ४, ८ आणि ३२ मिळून ४५. वाचकांनीं पुढील उदाहरण स्वतः सोडवावें: ज्याची मुद्रा ११ आहे, तो अणु कोठें असावा?

लॅम्प्समधील ही मुद्रा बत्तीस घरांची असते. प्रत्येक घरांत एक किंवा शून्य. या घरास 'बिट' म्हणतात. हा शब्द क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या लेखांत प्रथम छापला गेला, व तो जॉन टुकी यांनीं सुचविल्याचें शॅनन यांनींच तेथें नमूद केलें आहे. बत्तिसाव्या घराचें मोल २,१४,७४,८३,६४८ होतें. चार बाइटांच्या एवढ्याशा जागेंत बत्तीस प्रश्नांचीं उत्तरें बसतात. एक कोटी अणूंच्या मुद्रा चार कोटी बाइटांत मावतात. त्याच उत्तरांस प्रत्येकीं एकेक बाइट दिला असता तर बत्तीस कोटी लागले असते.

संस्कृताचा संस्कार असलेल्या वाचकांस येथें पिंगलाचार्यांच्या छंदःशास्त्राची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. लघु आणि गुरु या दोनच खुणांनीं तीन अक्षरांचे आठ गण होतात, आणि आठ अक्षरांच्या चरणाचे २५६ प्रकार होतात. प्रस्तारांतील ओळीचा क्रमांक दिला असतां तिचें रूप काढणें यास 'नष्ट' म्हणतात. रूपावरून क्रमांक काढणें तें 'उद्दिष्ट'. नष्टाची रीत अशी: संख्या सम असेल तर लघु लिहून तिचें अर्ध करावें; विषम असेल तर गुरु लिहून, एक मिळवून अर्ध करावें. सहावा गण कोणता? सहा सम, म्हणून लघु, अर्ध तीन. तीन विषम, म्हणून गुरु. एक मिळवून अर्ध दोन. दोन सम, म्हणून लघु. लघु-गुरु-लघु, अर्थात् ज-गण. पिंगलाचार्यांनीं संगणक जाणला होता असें म्हणण्याचा पोकळ अभिमान आम्हांस मान्य नाहीं. त्यांचा विषय वृत्तांचा होता. परंतु एका संख्येंतून 'हें कीं तें' अशा उत्तरांची मालिका उलगडण्याची विद्या आपल्या घरांत अपरिचित नव्हती, एवढें म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

आतां मुद्रेवर करावयाच्या क्रिया तीन. पहिली, तपासणें. अणूची मुद्रा व गटाचें मोल यांचीं घरें एकाखालीं एक मांडावीं, आणि जेथें दोहोंतही एक असेल तेथेंच एक ठेवावा. कांहीं शिल्लक राहिलें तर अणु सभासद. शून्य आलें तर नव्हे. दुसरी, खूण लावणें. येथें दोहोंपैकीं कोठेंही एक असेल तर एक ठेवावयाचा. तिसरी, खूण पुसणें. यांत त्या गटाचें घर तेवढें शून्य करून बाकीचीं जशींच्या तशीं ठेवावयाचीं.

दुसऱ्या क्रियेविषयीं थोडें थांबलें पाहिजे. खूण लावणें म्हणजे बेरीज करणें असें वरवर वाटतें, पण तें खरें नव्हे. वरच्या कडेच्या अणूची मुद्रा १३ आहे, तींत पावली अगोदरच आहे. त्यास 'वरच्या कडेंत घाला' अशी आज्ञा चुकून पुन्हा दिली, आणि संगणकानें साधी बेरीज केली, तर १३ आणि ४ मिळून १७ होतील. सतरा म्हणजे काय, तें आपण वर पाहिलेंच आहे: तो मोकळ्या अणूचा आंकडा. जो अणु घट्ट धरून ओढावयाचा, तोच एका हातचा आल्यामुळें मोकळा सुटला! म्हणून प्रणालींत बेरीज न वापरतां 'किंवा'ची क्रिया वापरतात. तिनें आज्ञा एकदां द्या कीं दहादां द्या, तेरा ते तेराच राहतात.

खूण अणूच्याच अंगावर असल्यानें आणखी एक सोय होते. मोठा पदार्थ असला म्हणजे त्याचे प्रदेश पाडून प्रत्येक प्रदेश एकेका संगणकास वांटून देतात. अणु हालत हालत एका प्रदेशांतून दुसऱ्यांत गेला, कीं पहिला संगणक त्यास दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. आणि जागा, गति यांबरोबर मुद्राही पाठवितो. शाळा बदलणाऱ्या मुलानें दाखला बरोबर न्यावा, तसेंच हें. नव्या शाळेस जुन्या शाळेची वही मागवावी लागत नाहीं.

या रीतीस मर्यादाही आहेत. घरें बत्तीस, त्यांतलें एक 'सर्व' या गटानें कायमचें अडविलेलें. म्हणून वापरणारास एकतीसच गट पाडतां येतात. अधिक हवे असल्यास जुना एखादा मोडून त्याचें घर नव्यास द्यावें लागतें. मात्र घर देण्यापूर्वीं प्रत्येक अणूच्या मुद्रेंतील तें घर पुसणें अवश्य आहे, नाहीं तर जुन्या गटाचे सभासद नव्या गटांत न बोलावतां येऊन बसतील. लॅम्प्समध्यें गट मोडण्याची आज्ञा ही पुसापुशी स्वतः करते.

याहून महत्त्वाची मर्यादा काळाची आहे. 'पत्र्याच्या वरच्या कडेंत जे असतील ते' अशी आज्ञा दिली, कीं त्या क्षणीं जे अणु तेथें आहेत त्यांस खूण लागते. पुढें एखादा अणु तेथून निघून गेला तरी खूण पुसली जात नाहीं, व नवा तेथें आला तरी त्यास ती मिळत नाहीं. दोन गट मिळवून केलेल्या तिसऱ्या गटाचेंही तसेंच: मागाहून खालच्या कडेंत चार अणु घातले, तर ते 'दोन्ही कडा' या गटांत आपोआप शिरत नाहींत. ज्यास क्षणोक्षणीं बदलणारा गट हवा असेल, त्यानें तसें स्पष्ट सांगावें; मग प्रणाली ठराविक पावलांनंतर पुन्हा तपासून खुणा बदलते. खूण पूर्वीं काय ठरलें तें सांगते. आज काय आहे तें पाहण्याची जबाबदारी खूण लावणाराची.

आणि ही जबाबदारी किती मोठी, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. अणूस काळाच्या पावलानिशीं पुढें सरकविणारी एक आज्ञा असते, व ती कोणत्या गटास लागू करावयाची तें सांगावें लागतें. एखाद्यानें ती 'वरची कड' या गटास दिली, आणि पुन्हा 'दोन्ही कडा' या गटासही दिली, तर वरच्या कडेचे अणु प्रत्येक पावलास दोनदां सरकतील. इतरांचा काळ एक पाऊल चालला असतां यांचा दोन पावलें चालेल. लॅम्प्स यावर एक इशारा छापते, पण काम थांबवीत नाहीं. आंकडे येत राहतात, चित्रें सुंदर निघतात, आणि निष्कर्ष खोटा असतो. उलट जो अणु अशा कोणत्याच गटांत नाहीं, तो जागचा हालत नाहीं. इशारे वाचण्याचा कंटाळा करणाऱ्या तरुणाचें महिन्याचें काम याप्रमाणें फुकट जाऊं शकतें, किंवा त्याहून वाईट म्हणजे, फुकट गेलें हें कोणास कळतही नाहीं.

यावर उपाय आमच्या धंद्यांतलाच आहे, व तो म्हणजे ताळा पाहणें. गट पाडला कीं त्यांत किती अणु आले तें लॅम्प्स छापून दाखविते. भेगेच्या नमुन्यांत पूर्ण ओळी ४१, प्रत्येकींत १०१ अणु. त्यांच्या मधल्या ओळी ४०, प्रत्येकींत १००. मिळून ४,१४१ आणि ४,०००, म्हणजे ८,१४१ अणु. खालच्या कडेंत तीन ओळी येतात: १०१, १०० व १०१, एकूण ३०२. वरच्या कडेंतही ३०२. दोन्ही कडा मिळून ६०४, आणि मोकळे ७,५३७; बेरीज बरोबर ८,१४१. येथवर ताळा जुळला.

आतां डावे गट पाहा. डावे-वरचे ८४१ आणि डावे-खालचे ८४१, मिळून १,६८२. परंतु डावीकडच्या त्या भागांतील अणु मोजले, तर ४१ ओळींत एकवीस-एकवीस आणि ४० ओळींत वीस-वीस, म्हणजे ८६१ व ८०० मिळून १,६६१ च भरतात. एकवीस अणु अधिक आले कोठून? ते अधिक नाहींत. पत्र्याच्या अगदीं मध्यावरची एक ओळ दोन्ही गटांच्या सीमेवर पडली आहे, आणि त्या ओळींतील एकवीस अणूंस दोन्ही खुणा लागल्या आहेत. त्यांची मुद्रा १, १६, ३२ आणि ६४ मिळून ११३. या नमुन्यांत त्यामुळें बिघडत नाहीं. कारण पुढें वरच्या गटास एक जात व खालच्या गटास दुसरी जात देतांना खालची आज्ञा मागून येते, आणि ते एकवीस अणु खालच्यांत मोडतात. परंतु आज्ञांचा क्रम उलटा असता तर तेच अणु वरच्यांत गेले असते, आणि चीर एक ओळ खालीं सरकली असती. ज्यानें १,६८२ ची बेरीज केलीच नाहीं, त्यास हें कधींच कळावयाचें नाहीं.

तेव्हां घरांतील वडील माणसांस आमची एक सूचना आहे. मुलगा किंवा सून रात्रीं उशिरापर्यंत या कामांत गढलेली दिसली, तर 'जेवण निवत चाललें' एवढेंच म्हणून परत फिरूं नये. शेजारीं बसून तीन प्रश्न विचारावे: गट किती पाडलेस? कोणता अणु दोन गटांत आहे काय? आणि सगळ्या गटांची बेरीज एकूण संख्येशीं जुळते काय? उत्तर तात्काळ आलें तर आनंदच आहे. तें न येतां कपाळाला आठी पडली, आणि त्यानें कागद पुढें ओढून बेरीज मांडावयास घेतली, तर जेवण थोडें निवलें तरी हरकत नाहीं.